इनकमिंगचा हिशेब

आपल्याकडे मोबाइल नवा होता तेव्हा आलेला फोन उचलण्याचेही पैसे पडत. त्यामुळे पुष्कळ जण पडद्यावरचा नंबर पाहून फोन कापत आणि जवळच्या पीसीओवरून उलट फोन लावत. दूरसंचार सेवेचा व्यवसाय कसा चालतो असे कुणी विचारले, तर मी या ‘इनकमिंग’पासूनच सांगायला सुरुवात करतो.

आपला आवाज रेडिओलहरींवरून जवळच्या टॉवरवर जातो, तिथून बहुधा ऑप्टिकल फायबरच्या केबलमधून पुढे सरकतो आणि समोरच्याच्या कंपनीचा टॉवर तो त्याच्यापर्यंत पोचवतो. म्हणजे एका फोनसाठी अनेकदा दोन कंपन्या राबतात. या लहरींचे पट्टे, म्हणजेच स्पेक्ट्रम, मर्यादित असतात. सरकार त्यांचा लिलाव करते. त्यासाठी देशाचे 22 विभाग पाडले आहेत. मुंबई हा स्वतंत्र विभाग आहे, तर उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरा.

31 जुलै 1995 रोजी ज्योती बसू आणि दूरसंचार मंत्री सुखराम यांच्यात देशातला पहिला मोबाइल संवाद झाला. तेव्हा गर्दीच्या वेळचा दर मिनिटाला 16 रुपयांच्या घरात होता. 1997 मध्ये ‘ट्राय’ हे नियामक प्राधिकरण आले. 1999 च्या धोरणाने ठरावीक परवाना शुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा घेण्याची पद्धत आणली. ग्राहक वाढवणे कंपन्यांना परवडू लागले. 2003 मध्ये इनकमिंग मोफत झाले.

आपल्याला मोफत झाले, तरी कंपन्यांमधला हिशेब चालूच होता. फोन करणाऱ्याची कंपनी घेणाऱ्याच्या कंपनीला मिनिटामागे काही पैसे देई. मोबाइलसाठी हा दर 2017 मध्ये 14 पैशांवरून 6 पैशांवर आला आणि 1 जानेवारी 2021 पासून शून्य झाला. नुसते फोन घेणारा ग्राहकही पूर्वी कंपनीला थोडी कमाई करून देत होता. ती आटत गेली. त्यातच 2016 मध्ये जिओ आल्यावर दरयुद्ध भडकले, अनेक कंपन्या बंद पडल्या किंवा एकमेकींत विलीन झाल्या. 2018 च्या अखेरीस काही कंपन्यांनी किमान रिचार्जची अट घातली. रिचार्ज संपून ठरावीक मुदत उलटली, की इनकमिंगही बंद!

गावाकडे एकटी राहणारी आई स्वतः क्वचितच फोन लावते. पण इनकमिंग बंद पडले, की मुलाचा फोन लागत नाही आणि बँकेचा ओटीपीही येत नाही. इंटरनेट न वापरणाऱ्यांसाठी फक्त कॉल आणि एसएमएसचा वेगळा पॅक ठेवण्याचे बंधन ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांवर घातले. त्याची मुदत 365 दिवसांपर्यंत असू शकते. दुकानदार सहसा डेटाचाच पॅक पुढे करतो. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी हा दुसरा पॅक आवर्जून मागून घ्या. ज्याला फक्त फोन घ्यायचा आहे तोही ग्राहकच आहे, याची आठवण या व्यवसायाला राहिली पाहिजे.