पाण्याचा पहिला मान कोणाचा?

घरात पाणी कमी असलं की आपण बायका मनातल्या मनात वाटणी करून टाकतो. आधी प्यायचं, मग स्वयंपाकाचं. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला, धुण्याचं शेवटचं पाणी अंगणात. सरकारलाही अशीच वाटणी करावी लागते, पण तिथे नंबर बदलतात. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगांचा नंबर होता, शेतीचा तिसरा. ओरड झाली अन् २०११ मध्ये शेती दुसऱ्या नंबरवर आली. पहिला मान मात्र कायम पिण्याच्या पाण्याचाच.

मग आमच्या उंद्रीकडे उन्हाळ्यात हंडा डोक्यावर का येतो? दिवाळीनंतर हरभऱ्याला पाणी लागतं, शेतातल्या मोटारी सुरू होतात. नळाच्या विहिरीलाही तेच भूजल. शेजारच्या काकू विचारतात, "मोटर चालते अन् नळ कोरडा, हे काय गणित हाय व माय?"

शेतकरी काही परका नाही. आपलाच नवरा, दीर, भाऊ. पीक वाळलं तर घरच वाळतं. म्हणून भांडायचं माणसांशी नाही, हिशेब मागायचा.

धरणांचा हिशेब दरवर्षी होतो. १५ ऑक्टोबरचा साठा पाहून पिण्याचं पाणी आधी राखून ठेवतात, मग रब्बीची आवर्तनं ठरतात. विहिरींचा असा हिशेब कोण करतं? सार्वजनिक पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर नको, असं १९९३ च्या कायद्यातच आलं होतं. गावात किती जणींना हे ठाऊक आहे?

२०१९ च्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. गोठ्यातली म्हैस त्यात धरलेलीच नाही, अन् तिचं पाणीही बहुतेक आपणच ओढतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये वैनगंगा-नळगंगा नदीजोडला मंजुरी मिळाली. सव्वाचारशे किलोमीटरचा कालवा! ते पाणी येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या हातात काय? ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असा नियम आहे. गावच्या पाणी समितीत निम्म्या जागा बायकांच्या. तेव्हा मैत्रिणींनो, सह्या करून परत येऊ नका. हरभरा पेरण्याआधीच विचारा : विहिरीत पाणी किती, ते जूनपर्यंत पुरेल का, अन् नाही पुरलं तर कोणती मोटर कधी थांबणार? उत्तर वहीत लिहून घ्या. मे महिन्यात टँकरच्या रांगेत विचारून काय उपयोग?