जकात शून्य, तरी दार बंद

हिंगोलीत बोलतोय, तेव्हा हळदीपासूनच सुरुवात करू. समजा, वसमतची हळद परदेशी बंदरात पोचली आणि तिथे जकात शून्य आहे. मग रस्ता मोकळा? नाही. आधी नमुना प्रयोगशाळेत जाऊ शकतो. युरोपीय संघात एखाद्या कीटकनाशकाची वेगळी मर्यादा ठरलेली नसेल, तर सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे टनाला फक्त १० मिलिग्रॅम! अशा नियमांना बिगर-जकात अडथळे म्हणतात.

फरक लक्षात घ्या. जकात भरली की माल महाग होतो, पण आत जातो. इथे पैसे भरून सुटका नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अशीच अडकली होती.

मग प्रत्येक नियम म्हणजे संरक्षणवादच का? तसंही नाही. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून कुणी लेड क्रोमेट मिसळलं, तर ते विषच. तो माल अडवलाच पाहिजे. जागतिक व्यापार संघटनेचा १९९५ पासूनचा करार दोन कसोट्या देतो: नियमाला शास्त्रीय आधार आहे का? आणि देशातल्या मालालाही तो तितकाच लागू आहे का? उत्तर 'नाही' असेल, तर आरोग्याच्या नावाखाली स्पर्धा रोखली जातेय. आपण २०२१ पासून खेळण्यांना बीआयएस प्रमाणपत्र सक्तीचं केलं. त्यालाही याच कसोट्या लावा.

शेवटचा मुद्दा. चाचणीचा खर्च मोठा निर्यातदार पेलतो, दोन एकरवाला नाही. म्हणून नियम प्रामाणिक असला, तरी पहिला बाहेर पडतो तो लहान शेतकरी. फवारणीची नोंद ठेवणं आणि गटाने मिळून चाचणी करणं, एवढं तरी आपल्या हातात आहे.