कोयत्याचं पाणी

राबासाठी फांद्या तोडताना माझ्या नव्या कोयत्याच्या धारेचा तुकडाच उडाला. राजूरला लोहारदादांकडे नेला, तर म्हणाले, "पाणी जास्त झालंय." पाणी देणं म्हणजे तापलेलं पोलाद पाण्यात बुडवून कडक करणं. फार कडक झालं तर ते काचेसारखं तडकतं, मऊ राहिलं तर धार वळते.

जपानी तलवारीपुढेही हाच पेच होता. तिथले कारागीर पात्यावर मातीचा लेप देतात. पाठीला जाड, धारेला पातळ. लालबुंद पातं पाण्यात घातलं की धार झटकन निवून कडक होते, पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. घड्या घालून ठोकण्याचं कौतुक फार होतं. पण ते मळी काढायला आणि पोलादाचा कस सारखा करायला. ही तलवार काहीही कापते, हे मात्र सिनेमातलं! लोखंडावर आपटली तर तिचीही धार उडते, तेल न लावता ठेवली तर गंजते.

लोहारदादा लेप देत नाहीत. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा कोयता तापवून ते फक्त धार पाण्यात धरतात. मग पाठीतली ऊब धारेकडे येऊ देतात, पिवळसर-तांबूस रंग चढला की पुन्हा बुडवतात. माझाही कोयता त्यांनी तुटका भाग घासून असाच नीट केला. दोन राब झाले, अजून चालतोय.