लेखकाची ‘प्रेमाची गोष्ट’

सतीश राजवाडे दिग्दर्शित ‘प्रेमाची गोष्ट’ हा मराठी चित्रपट २०१३ साली प्रदर्शित झाला. नायक राम सुब्रमण्यम पटकथालेखक आहे. त्याचा लग्नसंस्थेवर गाढ विश्वास, पण बायकोला घटस्फोट हवा आहे. समुपदेशकाकडे त्याची गाठ सोनलशी पडते. तिचंही लग्न मोडतंय आणि प्रेमावरचा भरवसा पार उडालेला. पुढे हीच सोनल त्याच्याकडे मदतनीस म्हणून येते आणि चित्रपटाची खरी गंमत सुरू होते. धावपळीच्या विनोदापेक्षा इथे संवादांवर भर आहे: दोन जाणती माणसं प्रेमावर वाद घालतात आणि नकळत स्वतःविषयी बोलू लागतात.

रामच्या भूमिकेतले अतुल कुलकर्णी सोलापुरात वाढले. ‘हे राम’ आणि ‘चांदनी बार’साठी सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला हा नट इथे अवघडलेला, हळवा प्रेमिक फार गोड उभा करतो. सोनल झालेल्या सागरिका घाटगे ‘चक दे! इंडिया’मुळे (२००७) आधीच परिचित होत्या. पडद्यावरच्या या पटकथालेखकाने, म्हणजे कुलकर्णी यांनी, पुढे ‘लालसिंग चड्ढा’ची (२०२२) पटकथा खरोखरच लिहिली.