कॅडेट आणि बालसैनिक

दिवाळीच्या सुट्टीत मी रायपूरला घरी गेलो होतो. पणजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आले, तेव्हापासून आम्ही रायपूरकर. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी किंवा छत्तीसगढी. सुट्टी असली तरी पहाटे पळायची सवय सुटत नाही, म्हणून रोज मैदानावर जात होतो. तिथे माझ्याच वयाच्या एका मुलाशी ओळख झाली. तो सुकमा जिल्ह्यातला. नक्षलग्रस्त भागातल्या मुलांसाठी राज्य सरकारने काढलेल्या रायपूरच्या 'प्रयास' निवासी विद्यालयात तो शिकतो.

माझ्या ट्रॅकसूटवरचे शाळेचे नाव वाचून त्याने विचारले, "तुमच्या शाळेत बंदूक देतात?"

मी एनसीसीच्या फायरिंगचे वर्णन ऐटीत सुरू केले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "आमच्या भागात बंदूक हातात आली, की शाळा सुटते."

मला पुढे काही बोलता येईना. बस्तरमध्ये माओवाद्यांनी 'बाल संघम' नावाने लहान मुलांचे गट केले होते, हे मी वाचले होते. निरोप पोहोचवणे, पहारा देणे, पोलिसांच्या हालचाली कळवणे अशी कामे त्यांच्याकडून करून घेत आणि त्यातली काही मुले पुढे सशस्त्र दलांत जात. मीही सोळा वर्षांचा आहे, गणवेश घालतो, रायफल हाताळतो. मग त्या मुलांत आणि माझ्यात फरक कोणता? शाळेत परतल्यावर मी याचे उत्तर शोधले.

मित्रांनो, २० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने बालहक्कांचा करार स्वीकारला. भारताने तो ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्य केला. त्यात ५४ कलमे आहेत. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती म्हणजे मूल, अशी त्याची सर्वसाधारण व्याख्या आहे. जगणे, वाढणे, शिकणे, छळापासून संरक्षण मिळणे आणि आपले म्हणणे मांडणे हे मुलाचे हक्क ठरले. युद्धाबाबत मात्र या करारातली मर्यादा पंधरा वर्षांचीच होती.

ही उणीव २५ मे २००० रोजी स्वीकारलेल्या पूरक कराराने बरीचशी भरून काढली. त्यानुसार अठरा वर्षांखालील सैनिक प्रत्यक्ष लढाईत उतरू नये यासाठी देशांनी शक्य ते सर्व करायचे आणि सक्तीची भरती अठराच्या आत करायचीच नाही. ऐच्छिक भरती त्याआधी करायची असेल, तर ती खरोखर स्वेच्छेने हवी, पालकांची संमती हवी आणि वयाचा पुरावा हवा. सरकारी सैन्याबाहेरच्या सशस्त्र गटांना तर अठरा वर्षांखालील मूल कोणत्याही परिस्थितीत भरती करता येत नाही किंवा लढाईत वापरता येत नाही. २००५ मध्ये हा करार मान्य करताना भारताने जाहीर केले, की आपल्या सैन्यात भरतीचे किमान वय सोळा आहे, भरती पूर्णपणे ऐच्छिक आहे आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरच जवानाला लढाईच्या क्षेत्रात पाठवले जाते.

सैन्याच्या शाळांचाही या करारात वेगळा उल्लेख आहे. पण तिथेही मुलाचा शिक्षणाचा हक्क अबाधित राहिला पाहिजे.

म्हणजे फरक गणवेशात नाही. माझ्या फाइलमध्ये वडिलांची सही आहे. मला उद्या डॉक्टर व्हावेसे वाटले, तर मी होऊ शकतो. रेंजवर उस्ताद एकेक गोळी मोजून देतात आणि मोजून हिशेब घेतात. त्या मुलांना यातले काहीच मिळत नाही.

असे करणाऱ्याला शिक्षाही होते. काँगोमधील थॉमस लुबांगा याला पंधरा वर्षांखालील मुलांना लढाईत वापरल्याबद्दल आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१२ मध्ये चौदा वर्षांची कैद सुनावली. आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ नुसार मुलांना भरती करणाऱ्या अतिरेकी गटांना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे.

नियम आपल्या बाजूलाही लागू आहेत. बस्तरमध्ये माओवाद्यांनी शाळा उडवल्या, तर काही शाळांत सुरक्षा दलांचा मुक्काम पडला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दलांना शाळा आणि वसतिगृहे रिकामी करायला सांगितले. आपल्यापैकी अनेक जण पुढे अधिकारी होतील. शाळेची इमारत सोयीची दिसली, तरी ती आधी मुलांची आहे, हे तेव्हा आठवायला हवे.

तोवर एवढे तर करता येईल. स्टेशनवर एकटे, भेदरलेले मूल दिसले, किंवा कुणी मुलाला राबवताना दिसले, तर १०९८ हा क्रमांक फिरवा. ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे आणि ती चोवीस तास चालते.

सुट्टी संपताना त्या मित्राने मला पुन्हा विचारले, "बारावीनंतर काय?" मी म्हटले, "एनडीए. आणि तू?"

"अजून ठरवलं नाही," तो म्हणाला आणि हसला. ते ठरवायला त्याच्याकडे वेळ आहे, याचा मला फार आनंद झाला.