हातांतील विद्या

दहावीचा निकाल लागला कीं आमच्या पुसदेंत घरोघर एकच प्रश्न निघतो : विज्ञान, वाणिज्य कीं कला? चवथें नांव सहसा कोणी उच्चारीत नाहीं. पूस नदीच्या कांठच्या ह्या गांवांत महाविद्यालयें आहेत, १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे, आणि शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थाही आहे. परंतु ह्या शेवटल्या संस्थेची आठवण आपल्या घरांत होते ती बहुधा इतर सर्व दारें बंद झाल्यावर.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत ह्यावरून बराच वाद झाला. मुलगा बुद्धीनें मंद नव्हे. पण पुस्तकापेक्षां विहिरीवरील मोटार उघडण्यांत त्याचें मन अधिक रमे. त्यानें विजतंत्रीचा अभ्यासक्रम घेण्याची इच्छा दर्शविली. वडील रागावले, काकांनीं बाजू घेतली, आणि आजी एवढेंच म्हणाल्या, "सोयरीक जुळवितांना काय सांगायचें?" हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. हस्तकौशल्याच्या मार्गांतील खरी धोंड पैसा नसून ही आहे.

ही धोंड शास्त्रानें घातली असें कोणी म्हणूं नये. ऋग्वेदांतील ऋभु हे मूळचे मनुष्य. त्वष्ट्यानें केलेल्या एका चमसाचे त्यांनीं चार चमस केले, अश्विनांसाठीं रथ घडविला, आणि केवळ ह्या कौशल्याच्या बळावर ते देवपदास पोंचले. रथकारास वर्षाऋतूंत अग्न्याधान करण्याचा अधिकार श्रुतीनें दिला आहे. मीमांसकांनीं त्यावर एक स्वतंत्र अधिकरण खर्ची घातलें. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत तक्षण, म्हणजे सुतारकाम, आणि वास्तुविद्या ह्या दोन्ही आहेत. हाताला कमी लेखण्याची खोड मागाहून जडली, आणि लेखणीच्या नोकरीनें ती पक्की केली.

ती मोडणारे पुरुषही आपल्यांतच झाले. लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म १८६९) मुंबईस चित्रकला शिकावयास गेले. रंग ओळखण्यांत दृष्टि उणी पडते असें आढळल्यावर ते यांत्रिक रेखनाकडे वळले, व पुढें व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले. ती नोकरी सोडून त्यांनीं बेळगांवीं सायकलींच्या दुकानांत लक्ष घातलें. मग कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर. लोखंडानें जमीन नासते ह्या समजुतीमुळें तो नांगर कोणी घेईना; तरी ते डगमगले नाहींत. १९१० मध्यें औंध संस्थानांतील उजाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

आतां आजच्या व्यवस्थेविषयीं. विजतंत्री व जोडारी हे दोन वर्षांचे, तर संधात्याचा अभ्यासक्रम एका वर्षाचा. नंतर १९६१ च्या कायद्यान्वयें कारखान्यांत शिकाऊ उमेदवारी करतां येते व तिचें विद्यावेतन मिळतें. ह्या वाटेनें गेलेल्यास उच्च शिक्षण कायमचें बंद होतें, ही समजूत चुकीची आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यास तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षांत थेट प्रवेशाची सोय आहे, आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत. परदेशांतही ही विद्या मागे पडलेली नाहीं : जर्मनींत शिकणारा तरुण आठवड्याचे कांहीं दिवस शाळेंत व उरलेले कारखान्यांत काढतो. तशा कुशल मनुष्यबळासाठीं २०२४ मध्यें तेथील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यानें महाराष्ट्राशीं करार केला.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. कारागिरीचे गोडवे गाणारे आपण सुशिक्षित लोक ते बहुधा दुसऱ्यांच्या मुलांसाठीं गातो. सुताराचा मुलगा पदवी घेऊं म्हणतो तेव्हां त्याला रंधा हातीं घेण्याचा उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाहीं. आपला नातू संधाता होण्यास निघाला तर आपण काय करूं, एवढेंच विचारावें. शिवाय प्रमाणपत्र म्हणजे कौशल्य नव्हे. पहिलीं कांहीं वर्षें मिळकत तुटपुंजी असते, उन्हातान्हांत काम पडतें, आणि कच्च्या हाताला गिऱ्हाईक दुसऱ्यांदां बोलावीत नाहीं.

म्हणून अर्ज भरण्यापूर्वीं पालकांनीं मुलासह संस्थेच्या कर्मशाळेंत एक सकाळ घालवावी. यंत्रें चालूं आहेत कीं धूळ खात आहेत, एका यंत्रापाशीं किती मुलें उभीं असतात, गतवर्षींचीं मुलें उमेदवारीस कोठें लागलीं, हें तेथील शिक्षकांस विचारावें. आणि अभ्यासक्रम कोणता घ्यावयाचा, हें मात्र मुलास ठरवूं द्यावें.