लुनाचं इंजिन खोलताना

नगरहून दौंडच्या रस्त्याला लागलं की कायनेटिक इंजिनिअरिंगचा कारखाना लागतो. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं असलं, तरी जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या बोलण्यात हा पत्ता अजून ‘नगरचा कारखाना’ असाच येतो, आणि त्याची ओळख सांगताना पहिलं नाव निघतं ते लुनाचं. 1972 मध्ये बाजारात आलेली ही पन्नास सीसीची मोपेड. सायकलीसारखे पेडल, गिअर नाही, क्लच आपोआप काम करणारा. इटलीतल्या पियाजो कंपनीची ‘चाओ’ ही मोपेड 1967 पासून तिथे चालत होती; तिच्या परवान्यावर लुना इथे बनली.

पहिल्या लुना आता पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत. एवढ्या वयाचं यंत्र पुन्हा उभं करणं ही एक कला आहे. मात्र बुलेट, जावा किंवा लँब्रेटासाठी जेवढे हौशी हात पुढे येतात, तेवढे लुनासाठी येत नाहीत. ती फार स्वस्त होती आणि घरोघरी होती. बहुतेक लुना वापरून वापरून झिजल्या आणि शेवटी वजनावर भंगारात गेल्या. म्हणूनच जुन्या ठेवणीतली, मूळ भागांसह शाबूत असलेली लुना आज शोधावी लागते.

ती कोणाची गाडी होती हे आठवलं की तिचं मोल कळतं. सत्तरच्या दशकात स्कूटर हवी असेल तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. मोटारसायकल पगारदाराच्या आवाक्याबाहेरची. सायकल आणि स्कूटर यांच्यामधली ही मोठी फट लुनाने भरून काढली. प्राथमिक शिक्षक, बँकेतले कारकून, दोन्ही बाजूंना कॅन अडकवलेले दूधवाले, क्लासला जाणाऱ्या मुली, पहाटे मार्केट यार्डात जाणारे भाजीवाले, सगळे तिच्यावर बसले. पेट्रोल संपलं तर पेडल मारत घर गाठता येई. 1984 च्या सुमारास पीयूष पांडे यांनी तिची जाहिरात लिहिली आणि दूरदर्शनमुळे ती देशभर लोकांच्या तोंडी बसली. पण त्याआधीची बारा वर्षं लुना विकली गेली ती मुख्यतः शेजाऱ्याची बघून.

कारखान्यामागचं घराणंही नगरचंच. कुंदनमल फिरोदिया हे नगरचे वकील, स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते आणि पुढे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. त्यांचे चिरंजीव हस्तीमल फिरोदिया यांनी कायनेटिक उभी केली. दुसरे चिरंजीव नवलमल बजाज टेम्पोच्या उभारणीत होते. तेव्हा जिल्ह्याची ओळख ऊस आणि दुष्काळ या दोन टोकांनीच होत असे. अशा ठिकाणी दुचाकीचा कारखाना चालवायचा म्हणजे फिटर, टर्नर, वेल्डर घडवणंही आलंच.

लुनाची जातकुळी समजून घ्यायची तर झाडं कापायच्या चेनसॉकडे पाहावं. दोन्हींत एकाच सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं, पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणारं टू-स्ट्रोक इंजिन असतं. नेहमीच्या वापरातल्या बऱ्याच चेनसॉंचं इंजिन पन्नास सीसीच्या आसपासचंच. फरक कार्बोरेटरमध्ये आहे. लुनाच्या कार्बोरेटरमध्ये तरंगता फ्लोट असतो, तो सरळ उभा असला तरच नीट काम करतो. चेनसॉ मात्र आडवी धरावी लागते, उलटी करावी लागते. फ्लोटवर चालणाऱ्या सुरुवातीच्या चेनसॉंमध्ये इंजिन उभं ठेवून फक्त पातं फिरवायची सोय करावी लागे. पडद्यावर चालणारा डायफ्रॅम कार्बोरेटर आला आणि चेनसॉ कशीही धरता येऊ लागली. अमेरिकेच्या मॅककलक कंपनीने 1949 मध्ये काढलेली ‘3-25’ आणि जर्मनीच्या श्टील कंपनीची 1959 ची बारा किलो वजनाची ‘कॉन्ट्रा’ या एकट्या माणसाला पेलणाऱ्या चेनसॉ आज तिकडचे संग्राहक जिवापाड जपतात, खोलतात, सुरू करून दाखवतात. लाकूडतोड्याच्या हातातलं यंत्र संग्रहाच्या लायकीचं आहे, हे त्यांना कोणी पटवून द्यावं लागलं नाही. आपल्याकडे दूधवाल्याच्या लुनाच्या वाट्याला ती नजर यायची आहे.

आता इंजिन खोलू.

बरीच वर्षं बंद पडलेली लुना मिळाली की पहिला मोह होतो तो पेट्रोल टाकून पेडल मारायचा. तो आवरलेला बरा. आत पिस्टन आणि सिलिंडर गंजाने एकमेकांना धरून बसलेले असू शकतात. जोर लावला तर रिंग तुटते आणि तिचा तुकडा सिलिंडरवर ओरखडा काढतो. आधी प्लग काढून त्या भोकातून थोडं पातळ तेल सोडायचं आणि एक-दोन दिवस थांबायचं. मग इंजिन हाताने हळूहळू फिरवून बघायचं. फिरलं तर निम्मी काळजी मिटली.

टू-स्ट्रोक इंजिनात झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीतली भोकं पिस्टनच वर-खाली होताना उघडतो आणि मिटतो. ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी पिस्टनखालच्या क्रँककेसमध्ये शिरतं, तिथे दाबलं जातं आणि मग बाजूच्या वाटेने वर येतं. भाग मोजके, त्यामुळे दुरुस्ती सोपी वाटते. पण क्रँककेस हवाबंद असेल तरच हे सगळं जमतं. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात. पडून राहिलेल्या गाडीत ते कडक होऊन चिरतात. तिथून हवा आत ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त होते, इंजिन बेसुमार तापतं आणि चालता चालता पिस्टन धरतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, गाडी छान पळत होती, अचानक काय झालं! म्हणून अनुभवी मेकॅनिक आधी सील बदलतो आणि मगच कार्बोरेटरला हात लावतो.

दुसरी जागा सायलेन्सर. पेट्रोलबरोबर जळणाऱ्या तेलाची काजळी धुराच्या वाटेत थरावर थर धरते. सिलिंडरमधून धूर बाहेर पडतो त्या भोकाचं, म्हणजे पोर्टचं, तोंड एवढं बारीक होतं की इंजिनाला श्वासच घेता येत नाही. गाडी सुरू होते, पण चढावर दम टाकते. कार्बन खरवडताना पोलादी स्क्रूड्रायव्हर वापरला तर पिस्टनच्या मऊ ॲल्युमिनियमवर चरे पडतात. त्यासाठी लाकडाची किंवा पितळेची पट्टी घ्यावी, पिस्टन तळाशी नेऊन ठेवावा आणि निघालेला चुरा आत पडू देऊ नये. सिलिंडर झिजला असेल तर लेथवाल्याकडे बोअर मारून ओव्हरसाइझ पिस्टन बसवता येतो. पण बोअर दर वेळी मोठाच होत जातो, म्हणून जेवढं झिजलंय तेवढंच काढणारा कारागीर शोधावा.

प्लगला करंट येत नसेल तर फ्लायव्हीलखाली दडलेल्या पॉइंटकडे जावं लागतं. हे दोन चिमुकले धातूचे बिंदू उघडतात त्या क्षणी ठिणगी पडते. मधलं अंतर अशा इंजिनांत साधारण 0.4 मिलिमीटर. फीलर गेजची पट्टी त्या फटीतून किंचित अडत सरकली पाहिजे. सैल गेली तरी चूक, जोर लावावा लागला तरी चूक. वर्षानुवर्षं न वापरलेल्या पॉइंटवर गंजाचा पातळ थर धरतो आणि तेवढ्यानेही ठिणगी मरते. बारीक पॉलिश पेपरचा हलका हात आणि कोरडं फडकं, एवढ्याने मृत समजलेलं इंजिन पुन्हा बोलू लागतं. इथे घाई करणारे कॉइल बदलतात, कंडेन्सर बदलतात, पैसे घालवतात.

पेट्रोलचा प्रश्न नवा आहे आणि त्याचा धागा नगर जिल्ह्यातच येऊन मिळतो. देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट 2025 मध्ये गाठलं गेलं. ते इथेनॉल ज्यांच्यापासून बनतं त्यांत ऊस आणि मळी महत्त्वाची. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरला, याच जिल्ह्यात उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी घडवलेल्या त्या चळवळीतून वाढलेल्या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या आज इथेनॉल बनवतात. शेतकऱ्याला त्याचा फायदा आहेच. पण 1970 च्या दशकातलं रबर या इंधनासाठी बनलेलं नव्हतं. नळ्या आणि वॉशर फुगतात, मऊ पडतात. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकीत बराच काळ पडून राहिलं की पाणी आणि इथेनॉल तळाशी उतरतं, मिसळलेलं तेल मात्र वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. कार्बोरेटरकडे जातो तो तळाचा थर. म्हणजे इंजिनाला जळायला काहीतरी मिळतं, वंगण मिळत नाही. यावर उपाय साधा आहे. नळ्या आणि सील नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालाव्यात. तेलाचं प्रमाण गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावं. जुन्या टू-स्ट्रोकांत ते लिटरला वीस ते चाळीस मिलिलिटरच्या दरम्यान असे. लागेल तेवढंच मिश्रण करावं आणि गाडी ठेवून द्यायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करावेत.

रंगाबाबत शौकिनांत कायम वाद असतो. एक पक्ष म्हणतो, गाडी शोरूममधून निघाली तशी दिसली पाहिजे. दुसरा म्हणतो, मूळ रंग कितीही विटला असला तरी त्याला हात लावू नये. लुनासारख्या गाडीसाठी दुसऱ्या पक्षाचं म्हणणं जास्त वजनदार आहे. कॅरिअरवर कॅनने पाडलेले पोचे, पायदानावरची झीज, मालकाने रंगवून घेतलेलं नाव, हा त्या गाडीचा खरा इतिहास आहे. चकचकीत रंगाखाली तो कायमचा जातो. गंज थांबवावा, पत्रा कुजला असेल तेवढाच बदलावा, काढलेला मूळ भाग पिशवीत घालून, नाव लिहून जपून ठेवावा. सुपर, टीएफआर, मॅग्नम, डबल प्लस, विंग्ज अशी लुनाची कितीतरी रूपं निघाली. त्यांचे भाग एकमेकांत मिसळून उभी केलेली गाडी चालते खरी, पण ती नक्की कोणती लुना हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. केंद्र सरकारने 2021 मध्ये जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये, नूतनीकरणाचं पाच हजार, मुदत दहा वर्षं, आणि नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या कामाला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं किंवा दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. हे बंधन लुनाला तसं मानवणारं आहे. टू-स्ट्रोक इंजिनात ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराबरोबर बाहेर जातो, आणि याच दोषापायी ही इंजिनं रस्त्यांवरून मागे हटली. कायनेटिकचा दुचाकी व्यवसाय 2008 मध्ये महिंद्राकडे गेला. लुना हे नाव 2024 मध्ये परत आलं ते विजेवर चालणाऱ्या गाडीवर.

जुनी यंत्रं जपायची कशी हे नगरला शिकवण्याची गरज नाही. 1994 मध्ये इथल्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने रणगाडा संग्रहालय उघडलं. रोल्स-रॉइसच्या चिलखती गाडीपासून ब्रिटिश मॅटिल्डा, जपानी रणगाडे, पाकिस्तानचे पॅटन आणि आपला विजयंता अशा सुमारे पन्नास गाड्या तिथे आहेत. आणि साध्या, रोजच्या वाहनांचंही संग्रहालय होऊ शकतं हे पुण्यात कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल्स या सायकलींच्या देखण्या संग्रहालयात दिसतं. जगभरचे रणगाडे ज्या गावात मांडून ठेवले आहेत, त्याच गावात बनून देशभर गेलेल्या मोपेडलाही एक दालन हवं. तिथे नुसत्या रंगवलेल्या गाड्या उभ्या करून भागणार नाही. एक इंजिन उभं कापून दाखवावं, म्हणजे शाळेतल्या मुलांना पिस्टनने भोकं उघडताना-मिटताना दिसतील. एक लुना चालू स्थितीत ठेवावी.

आणि संग्रहाला सुरुवात गाड्यांपासून नाही, हत्यारांपासून करावी. लुनाचं फ्लायव्हील काढायला त्याच्या आट्यांत बसणारा पुलर लागतो. तो हाताशी नसला की माणसं हातोडा मारतात, क्रँकचं टोक वाकतं आणि चांगलं इंजिन वाया जातं. हे पुलर, पार्ट्सच्या याद्या, सर्व्हिसची पुस्तकं, विक्रेत्यांकडे उरलेले डब्यातले मूळ पॉइंट आणि रिंगा अजून जुन्या गॅरेजांच्या फळ्यांवर सापडू शकतात. ज्यांनी कारखान्यात ही इंजिनं जोडली त्यांतले बरेच जण आता निवृत्त झाले आहेत. कोणता नट उलट्या आट्याचा, कोणत्या वर्षी कोणता भाग बदलला, हे त्यांना विचारून लिहून घेण्याचं काम याच काही वर्षांत व्हायला हवं.